मनातलं विचारा : समुपदेशनाला बाईच हवी, हे मागायचं कसं?

प्रश्न : मी सीआरपीएफच्या महिला बटालियनमधून निवृत्त होऊन चिकोडी तालुक्यात गावी आले. काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये माझी सहकारी माझ्यासमोर गेली. गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीचं टायर फुटलं, तशी मी पिठाच्या हातांनीच अंगणात पालथी पडले. बेळगावात डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघात, सांगून गोळ्या दिल्या, समुपदेशनाला पाठवलं. तिथं एक गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी 'सगळं सांगा' म्हणाले, शेजारी दीर बसलेले. मग मी जाणंच सोडलं. माझी जाऊ म्हणते, हे नखरे आहेत. पुन्हा जाऊ का?

उत्तर : जा, ताई. पण या वेळी तुमच्या अटींवर जा. समोर कोण बसावं, कुठल्या भाषेत बोलावं, हे मागणं म्हणजे नखरे नव्हेत. दीर मायेनं गाडीवरून आणत-नेत असतील, तरी त्यांनी बाहेरच बसावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे.

अमेरिकेत २८४ सैनिक स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ सगळ्या निवृत्त होत्या. एका गटाला 'प्रोलाँग्ड एक्सपोजर' थेरपी दिली : आठवड्याला दीड तास, एकूण १० सत्रं. घडलेलं पुन्हा पुन्हा सांगायचं, टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचं. दुसऱ्या गटाशी फक्त सध्याच्या अडचणींवर बोलणं झालं. गुण पहिल्या गटाला जास्त आला. पण अर्ध्यावर सोडणाऱ्याही तिथंच जास्त, ३८ टक्के, दुसरीकडे २१. सोडून आलेल्या बाईला कुणी कच्ची म्हटलं की मला हेच आकडे आठवतात. ही थेरपी सुरुवातीला झोंबतेच. म्हणून तर आधी आजार नीट समजावतात, श्वासाचा सराव घेतात, आणि मगच त्या आठवणीला हात घालतात. तुमच्या बाबतीत हे काहीच झालेलं दिसत नाही.

घटना तपशिलात सांगवतच नसेल, तर 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी'बद्दल विचारा. त्यात 'मी तिला वाचवायला हवं होतं' अशा मनात रुतलेल्या विचारांवर काम करतात. सगळा प्रसंग उलगडून न सांगताही ती घेता येते.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा : "स्त्री थेरपिस्ट हवी, मराठीत बोलायचंय, आत मी एकटीच येणार, आणि आधी पद्धत समजावून सांगा." बेळगावात जमलं नाही तर धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत चौकशी करा. दर आठवड्याला एसटीनं हेलपाटा नको असेल तर काही सत्रं व्हिडिओवर होतील का, तेही विचारा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

गोळ्या मनानं बंद करू नका. त्यांत अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अशी घबराट शमवणारी गोळी असेल, तर ती किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पीटीएसडीसाठी तज्ज्ञ सहसा त्या गोळ्यांची शिफारस करत नाहीत. मात्र त्या एकदम तोडल्या तर त्रास होतो, कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि नव्या थेरपिस्टशीही सूर जुळला नाही, तर तसं तिलाच सांगा. दुसरीकडे पाठवणं हे तिचं कामच आहे.