नव्यानं विश्वासात आलेल्या भावासाठी, कर्जाच्या दिवसांत

भाऊ, बायबल उत्पत्तीपासून धरलं तर नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकापाशी अडशील, बहुतेकांचं तिथंच बारगळतं. मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून सुरू कर. 16 अध्याय आहेत, कापूस वेचणीच्या दिवसांतही रोज एक होतो.

प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र 13 उघड. सहाच वचनं: पहिल्या दोनांत देवाकडं सरळ तक्रार, मग मागणं, शेवटी भरवसा. त्याच क्रमानं आपलं बोल. कृषी केंद्राची उधारी, बोंडअळी, सावकाराचा तगादा, सगळं नाव घेऊन सांग. लोक तक्रार गाळून थेट स्तुतीवर जातात, मग आतली घुसमट तशीच राहते.

ख्रिस्तातली मोकळीक म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा उतरणं नव्हे. बोजा राहतो, ‘पीक गेलं म्हणजे मी संपलो’ ही धास्ती सुटते. म्हणून बँकेत पुनर्गठनाचा अर्ज करायचाच, अन् बीपीची गोळी प्रार्थनेच्या भरवशावर बंद करायची नाही. ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं कोणी म्हणालंच (म्हणणारे मंडळीतही भेटतात), तर योहान 9:3 दाखव: जन्मांध माणसाबद्दल येशू म्हणतो, यानं किंवा याच्या आईबापानं पाप केलं म्हणून हे झालं नाही.

जीव नकोसा झाला तर मात्र एकट्यानं गुडघे टेकून बसू नको. घरच्यांना उठव, पाळकांना बोलाव, 14416 या टेलि-मानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची मदतसेवा) मोफत नंबरावर लाव, रात्रीही उचलतात.