‘अंदाज’ होता म्हणून ‘इरादा’ होता?

प्रश्न असा : इंग्लंडमध्ये ‘जॉइंट एंटरप्राइझ’खाली (एकाने केलेल्या गुन्ह्यासाठी त्याच्या सोबत्यालाही दोषी धरण्याचा नियम) झालेल्या खुनाच्या शिक्षा पुन्हा तपासाव्यात अशी मागणी आहे. त्या संज्ञेला ‘संयुक्त उपक्रम’ म्हणावं का? आणि ‘पूर्वानुमान’ व ‘इरादा’ यांत फरक काय?

‘संयुक्त उपक्रम’ नको. दोन कंपन्यांनी मिळून कारखाना काढला तर तो शब्द शोभेल. इथे ‘साथीदाराचं दायित्व’ पुरतं.

माझा राग ‘पूर्वानुमाना’वर आहे. ‘त्याला पूर्वानुमान होतं, म्हणजेच इरादा होता’ हे वाक्य सारखं कानावर येतं, आणि नेमक्या याच गफलतीपायी तिथे तीसेक वर्षं माणसं खुनी ठरत गेली. सोबती सुरा चालवील अशी शक्यता दिसत असूनही जो कटात राहिला तोही खुनी, असं हाँगकाँगच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, 1984 मध्ये ठरवलं, आणि इंग्लंडमध्येही तेच चाललं. 18 फेब्रुवारी 2016 ला जोगी खटल्यात ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वाटच चुकली होती. शक्यता दिसणं हा इराद्याचा पुरावा असू शकतो, इरादा नव्हे.

आता शब्द बघा. ‘पूर्वानुमाना’ऐवजी मी ‘अंदाज’ म्हणेन. तो फारसीतून आला. मूळ क्रियापद ‘अंदाख्तन’, म्हणजे फेकणं. तोच तिरंदाजात आणि गोलंदाजात आहे. (फलंदाज काही फेकत नाही, तो या दोघांच्या चालीवर घडवलेला.) मला यात अंधारात टाकलेला खडा दिसतो : लागेल किंवा नाही. ‘इरादा’ अरबी. त्याच धातूपासून ‘राइद’ होतो, म्हणजे टोळीच्या पुढे चारापाणी शोधत जाणारा. म्हणजे इराद्यात हवंसं काही आहे आणि त्याच्यामागे जाणं आहे. आणि ‘अनुमान’? धूर दिसला, म्हणून आग आहे असं ठरवणं. ते आरोपीचं नसतंच, ज्युरीचं असतं. अंदाज आरोपीचा, त्यावरून अनुमान ज्युरीचं, सिद्ध व्हायचा तो इरादा. ‘पूर्वानुमान’ सुचवणारे परिभाषापंडित या तिघांची एकच खिचडी करतात, हे मला मुळीच मान्य नाही.

राहिली फेरतपासणी. खटल्याच्या कागदांत आधी न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेल्या सूचना काढाव्यात. ‘शक्यता दिसली होती का’ एवढंच विचारलं असेल, तर मुद्दा आहे. पण अपिलाची परवानगी मागायची मुदत 28 दिवसांची. ती टळली की कायदा बदलला एवढ्याने भागत नाही, मोठा अन्याय झाल्याचं दाखवावं लागतं, आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात. अपील आधीच फेटाळलं गेलं असेल तर बर्मिंगहॅमच्या फौजदारी प्रकरणं फेरतपासणी आयोगाकडे जावं लागतं. दोषसिद्धी टिकणार नाही अशी खरीखुरी शक्यता वाटली, तरच तो प्रकरण अपील न्यायालयाकडे धाडतो.

2018 मध्ये एकाला असा मोठा अन्याय दाखवणं साधलं. घरफोडीत सोबत्याने वृद्ध घरमालकाला ठोसा मारला आणि म्हातारा दगावला. ठोसा न मारलेल्या साथीदाराची खुनाची शिक्षा रद्द होऊन सदोष मनुष्यवध उरला. तोवर त्याची तेरा वर्षं तुरुंगात गेली होती.