प्रयोगशाळेतून सातवीच्या वर्गाकडे

प्रिय मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संशोधन सोडून सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवण्याचा तुझा विचार कळला. ‘इतके शिकून शेवटी शाळेतच जायचे का?’ या घरच्यांच्या प्रश्नाने तू अस्वस्थ आहेस. मला मात्र तुझ्या पत्रातील ‘विषय तर मला येतोच’ हे वाक्य अधिक खटकले. विषय येणे आणि बारा वर्षांचे मूल त्या विषयात नेमके कोठे अडते हे कळणे, ही दोन निरनिराळी ज्ञाने आहेत. यातील दुसऱ्या ज्ञानाकडे अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये शिक्षणक्षेत्राचे लक्ष वेधले. ते तुला अजून मिळवायचे आहे.

उन्हाळा का येतो, एवढेच सातवीच्या वर्गाला विचारून पाहा. पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून, असे अनेक मुले सांगतील. तू साडेतेवीस अंशांनी कललेल्या आसाची सुबक आकृती काढशील, मुले ती वहीत उतरवतील, परीक्षेत बरोबर लिहितीलही, आणि मनातील जुने उत्तर जसेच्या तसे शाबूत राहील. कारण विस्तवाजवळ गेल्यावर ऊब वाढते, या रोजच्या अनुभवावर ते उभे आहे. म्हणून आकृतीच्या आधी त्यांच्यापुढे अडचण ठेव. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या आरंभी; मग त्याच जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळा कसा? त्यानंतर चौकटीच्या कागदावर टॉर्चचा झोत आधी सरळ आणि मग तिरपा पाडून, उजेड किती चौकटींवर पसरतो ते मुलांनाच मोजू दे. तिरपा झोत अधिक चौकटींवर पसरतो, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतो; कललेल्या आसामुळे हिवाळ्यात ऊनही असेच तिरपे पडते, हे मग त्यांना आपोआप उमगेल.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकावे लागेल. शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, त्यांत कारणे येऊ लागतात, असे अमेरिकी विज्ञानशिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. चूक दिसताच दुरुस्त करण्याची सवय लागलेल्या संशोधकाला ते तीन सेकंद फार जड जातात. अनपेक्षित निष्कर्ष टाकून न देता त्याचे कारण शोधण्याची तुझी शिस्त मात्र येथे फार उपयोगी पडेल.

शोधनिबंध नाकारले गेल्याच्या वैतागातून तू निघत असशील, तर थोडा थांब. वह्यांचे गठ्ठे, तोच धडा तीन तुकड्यांना शिकवणे आणि शेवटच्या तासाचा गोंगाट यांत त्या वैतागावर उतारा नाही. या वयाच्या मुलांचा सहवास तुला मनापासून आवडतो का, हे राजीनाम्यापूर्वीच पाहून घे. अध्यापनाच्या पदवीचे नियम आणि पगाराचा हिशेब यांची चौकशीही आधीच कर. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता एखाद्या शाळेची परवानगी काढून काही दिवस मागच्या बाकावर बस आणि फळ्याकडे न पाहता मुलांकडे पाहा. त्यांनी दिलेली चुकीची उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून मला पाठव. तुझा पहिला धडा कोठून सुरू करायचा, ते त्यांवरून ठरवू.

तुझा शुभचिंतक