अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी कोणते संशोधन केले आहे?

मुंबईलगत अंबरनाथ येथे असलेल्या डीआरडीओच्या या प्रयोगशाळेचे सर्वांत मोलाचे काम, माझ्या मते, इंधन घटाचे (फ्युएल सेल, म्हणजे रासायनिक क्रियेतून वीज देणारे साधन) आहे. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करताना इंजिनासाठी हवा लागते, त्यामुळे तिला पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडण्याची भीती असते. प्रयोगशाळेने विकसित केलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या इंधन घटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते आणि केवळ पाणी उरते, त्यामुळे पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावे लागत नाही. शिवाय हायड्रोजन पाणबुडीतच तयार होत असल्याने त्या ज्वालाग्राही वायूचा साठा बाळगावा लागत नाही, ही बाब खलाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जमिनीवरील नमुना संयंत्राची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी झाली. गंजरोधक रंगलेपांवरही तेथे संशोधन चालते.