तुम्ही विचारा : पाहुणा नाही, पोशाख नाही, मग कॉन कशाचं?

मागच्या अंकात विज्ञानकथावाल्यांच्या अमेरिकेतल्या कॉनबद्दल, म्हणजे कन्व्हेन्शन, चाहत्यांची संमेलनं, ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातल्या त्यात भांडखोर पत्रं आधी घेतलीत.

प्रश्न : ताई, मुंबईत एका मोठ्या कॉनला गेलो होतो. निम्मा दिवस रांगेत गेला, आत गेल्यावर नुसते टी-शर्ट आणि सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, पुस्तकाचं नाव काढलं की लोक तोंडाकडे बघतात. मित्र म्हणतो अमेरिकेत अशी पण कॉन आहेत जिथे कॉस्प्ले, म्हणजे पात्रांसारखे पोशाख घालून मिरवणं, नाही, सिनेमे नाहीत, काही ठिकाणी तर पाहुणा पण नाही. खरंय का हे? आणि मग तिथे दोन-तीन दिवस लोक करतात काय?
– एक वैतागलेला वाचक, चिंचवड

उत्तर : मित्र थापा मारत नाहीये. बॉस्टनच्या आसपास 1987 पासून रीडरकॉन भरतं, गुरुवार संध्याकाळ ते रविवार दुपार असं साधारण. तिथे पोशाखांची स्पर्धा नाही, चित्रांचं प्रदर्शन नाही, गेमिंग नाही, सिनेमा-सिरीयल जवळपास नाहीच, आणि हे ते लपवत नाहीत, उलट मिरवतात. बाकी कॉनमध्ये डीलर्स रूम म्हणजे तलवारी, बिल्ले, एल्फचे खोटे कान असं सगळं असतं, इथे फक्त पुस्तकं. आणि मला त्यांची सगळ्यात आवडती खोड म्हणजे जिवंत पाहुण्यांच्या जोडीला एक दिवंगत लेखक पण गेस्ट ऑफ ऑनर असतो, म्हणजे जो येऊच शकत नाही, सही देऊ शकत नाही, सेल्फी तर सोडाच, अशाला पाहुणा करायचं, मग लोकांना त्याचं लिखाण वाचूनच यावं लागतं, दुसरा इलाजच नसतो.

करतात काय म्हणाल तर बोलतात. टेबलामागे चार-पाच जण, त्यातला एक मॉडरेटर, तासभर एकच विषय, आणि समोर बसलेल्यांनीही तितकंच वाचलेलं असतं त्यामुळे फेकाफेकी चालत नाही. रात्रीचा एक खेळ तिथे बरीच वर्षं चालायचा. खरोखर छापून आलेल्या एखाद्या भिकार पुस्तकातला उतारा मध्येच तोडायचा, मग पुढचा भाग म्हणून स्पर्धकांनी रचलेले खोटे शेवट आणि मूळ लेखकाचा खरा शेवट असे सगळे वाचून दाखवायचे, खरा कुठला ते प्रेक्षकांनी ओळखायचं. ओळखू येत नाही हो! मूळ लेखक टिंगल करणाऱ्यांना मागे टाकतो.

पण रीडरकॉन तसं सभ्यच म्हणायचं. तिरकेपणात त्याहून पुढचे लोक आहेत. कॉरफ्लू म्हणून एक छोटं कॉन आहे, 1984 साली बर्कलीला सुरू झालं, फॅनझिन काढणाऱ्यांचं, म्हणजे आपल्याकडे सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं काढायचे ना, त्यांचे तिकडचे भाऊबंद. तिथे पाहुणा आधी ठरवतच नाहीत. सगळे जमले की आलेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात आणि जी निघेल ती व्यक्ती गेस्ट ऑफ ऑनर, मग तिने रविवारच्या जेवणाला भाषण ठोकायचं. ज्याला ही ब्याद नको त्याने आधीच थोडे डॉलर भरून आपली चिठ्ठी काढून घ्यायची, तो पैसा कॉनच्या खर्चाला. शिवाय तिथे फॅन लेखकांच्या संघटनेचा दरवर्षी 'माजी अध्यक्ष' निवडतात. आजी नाही, माजी. थेट माजीच निवडून आला की काम काही नाही आणि मान पूर्ण.

पॉटलॅच नावाचं एक पश्चिम किनाऱ्यावर भरायचं, 1992 पासून, तिथे माणसाऐवजी पुस्तक पाहुणं असायचं, सगळ्यांनी ते एक वाचून यायचं, एका वेळी एकच कार्यक्रम, आणि उरलेले पैसे नवोदित लेखकांच्या एका कार्यशाळेला. सिनसिनाटीकडचं मिडवेस्टकॉन तर सगळ्यांचा बाप, 1950 पासूनचं, तिथे कार्यक्रमपत्रिकाच नाही. हॉटेल घ्यायचं, एकत्र जेवायचं, स्विमिंग पूलच्या कडेला गप्पा मारत बसायचं, रविवारी घरी. याला ते रिलॅक्साकॉन म्हणतात.

मला विचाराल तर या सगळ्यांची युक्ती एकच आहे, काय वगळायचं ते आधी ठरवायचं. स्टेज काढलं, पाहुणा काढला, विक्री काढली की उरतो तो समोरचा वाचक, आणि मग त्यालाच बोलावं लागतं. नुसतं मोठ्या कॉनला नावं ठेवून हे होत नाही, नावं तर आपण सगळेच ठेवतो.

प्रश्न : तिकडे दारू चालते का?
– स्पष्ट विचारणारा, जळगाव

उत्तर : काही पार्ट्यांमध्ये असते, आग्रह नसतो. जास्त खप कॉफीचा.

प्रश्न : तुमचं लिखाण वाचून वाटलं की ही सगळी कुरकुऱ्या लोकांची संमेलनं आहेत. आहे त्या मोठ्या संमेलनात जाऊन मत मांडावं, वेगळी चूल कशाला? आधीच वाचणारे मूठभर, त्यात फाटाफूट. राग मानू नये.
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : राग कसला सर, प्रश्न रास्त आहे. पण फाटाफूट नंतर आली असं जे तुम्ही धरून चाललाय तिथेच गोम आहे. 2 जुलै 1939 ला न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, दोनेकशे माणसं असतील, आणि त्याच दिवशी दारावर सहा पोरांना अडवलं. फ्युचरियन्स नावाचा त्यांचा गट, डावे, वाद घालणारे, आयोजकांशी आधीपासून वाकडं. जागेवर पिवळ्या रंगाची पत्रकं सापडली, त्यात आयोजकांवर टीका होती, मग हे लोक सभा उधळणार असं म्हणून प्रवेश बंद. गंमत म्हणजे पत्रक लिहिणारा डेव्हिड काइल व्यवस्थित आत जाऊन बसला. त्याच गटातला एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह, पुढे विज्ञानकथेतला दिग्गज लेखक झालेला, तोही आत गेला, आणि बाहेर कोण राहिले तर डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल, अजून शाळकरी वयाचा सिरिल कॉर्नब्लुथ आणि आणखी तिघं. त्यांनी काय केलं, त्याच आठवड्यात आपली वेगळी सभा घेतली. म्हणजे जागतिक संमेलन आणि त्याच्या विरोधातलं संमेलन, दोघांचं वय जवळपास सारखंच! पुढे वोल्हाइमने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, पोल नावाजलेला संपादक झाला, अडवणाऱ्यांची नावं आता इतिहास चाळणाऱ्यांनाच माहीत.

आणि सर, तुम्ही सातारचे, तुम्हाला मी काय सांगणार. 1885 साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं होतं, तुमच्या सभेत आमचं दुःख येत नाही असा त्याचा एकंदर रोख. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, 1999 ला, धारावीत पहिलं विद्रोही मराठी साहित्य संमेलन झालं. न्यूयॉर्कच्या पोरांचं भांडण आणि हे एका मापाचं नाही हे मलाही कळतं, इथे जातीचा प्रश्न होता, तिथे बराचसा तरुण रक्ताचा. पण आत जाऊन मत मांडा हे सांगायला सोपं आहे, दारावर कोण उभं आहे ते पण बघायला लागतं ना.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पटतं. नुसता विरोध फार दिवस पुरत नाही. वर जी कॉन सांगितली ती टिकली किंवा बरीच वर्षं चालली ती भांडणामुळे नाही, तिथे कुणीतरी हॉटेलशी करार करतं, बॅज छापतं, खुर्च्या लावतं, आणि हे सगळं फुकट. पगार कुणाला नाही, अध्यक्षाला पण नाही. भांडखोर माणसं खुर्च्या पण लावतात हे पाहिलं की त्यांच्याबद्दल मत जरा बदलतं.

प्रश्न : ताई, आम्ही गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी कॉलेजात आहे, भयंकर वाचते, बोलते कमी. तिला एकटीने रीडरकॉन नाहीतर विस्कॉनला जायचंय. मला काळजी वाटते, अनोळखी लोक, हॉटेल, रात्रीचे कार्यक्रम. पाठवू का? आणि ती शाकाहारी आहे.
– एक आई

उत्तर : पाठवा हो. कमी बोलणाऱ्यांसाठीच ही जागा आहे, तिथे कुणी हवापाण्याच्या गप्पा मारत नाही, थेट 'तुला तो तिसरा भाग का नाही आवडला' इथून ओळख सुरू होते.

विस्कॉन अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराचं, 1977 पासूनचं, आणि स्त्रीवादी विज्ञानकथांसाठी नावाजलेलं. त्या काळी कॉन म्हणजे बहुतेक पुरुषांचा अड्डा, बायकांच्या लिखाणावर कुठेतरी एखादं पॅनल टाकून मोकळे व्हायचे, तर यांनी अख्खं कॉनच त्यावर उभं केलं. 1991 ला तिथेच लेखिका पॅट मर्फी यांनी भाषणात एक नवा पुरस्कार जाहीर केला, स्त्री-पुरुष या कल्पनेकडे नव्याने बघणाऱ्या कथांसाठी, आणि त्याचे पैसे उभे केले ते केक-बिस्किटं विकून. बायकांनी रांधा-वाढा करावं म्हणता ना, घ्या, रांधतो आणि त्यातूनच पुरस्कार देतो, असा तो चिमटा. विजेत्याला पैशांबरोबर चॉकलेट पण मिळायचं. विस्कॉनचं स्वरूप अलीकडे बदलत गेलंय, त्यामुळे प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन ते बघूनच विमानाचं बुकिंग करा. न्यू जर्सीहून बॉस्टन सोपं, ट्रेनने जाता येतं, पहिल्यांदा रीडरकॉनच बरं.

काळजीचं म्हणाल तर ती अगदीच अनाठायी नाही. 2012 ला रीडरकॉनमध्येच छळाची तक्रार आली होती, नियम सरळ होता की असं करणाऱ्याला कायमची बंदी, पण संचालक मंडळाने त्या माणसाला दोनच वर्षांची बंदी घालून सोडलं. लोक इतके भडकले की अख्ख्या मंडळाला राजीनामा द्यावा लागला आणि बंदी कायमची झाली. त्या प्रकरणानंतर बऱ्याच कॉननी आपले वागणुकीचे नियम कडक केले. मुलीला सांगा की कोड ऑफ कंडक्ट आधी वाच, तक्रार कुठे करायची ते पहिल्याच दिवशी बघून ठेव. जिथे हे नियम सहज सापडत नाहीत तिथे पाठवू नका, बाकी कितीही भारी लेखक येणार असोत.

बाकी, तिकीट नसतं, मेंबरशिप असते, लवकर घेतली की स्वस्त पडते. हॉटेलमध्ये कॉनसाठी राखून ठेवलेल्या खोल्या असतात, त्या दरातच घ्या, आणि एखादी मैत्रीण मिळाली तर खोली वाटून घ्या. बऱ्याच कॉनमध्ये कॉन स्वीट नावाची एक खोली असते, तिथे खाणंपिणं मेंबरांना फुकट, फळं, ब्रेड, चीज, चिप्स असं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही पण जेवणही होत नाही, तेव्हा थोडे मेथीचे ठेपले बांधून द्याच. आणि फॅन लोकांचा एक जुना नियम आहे तो फ्रीजवर लावा, दिवसाला किमान पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. हसू नका, कॉनच्या धुंदीत तिन्ही राहून जातात. रविवारी सगळं संपल्यावर उरलेसुरले लोक जमतात त्याला डेड डॉग पार्टी म्हणतात, नाव भयानक आहे पण असतात सगळे दमलेले, सोफ्यावर पसरून गप्पा मारणारे, खऱ्या ओळखी तिथेच होतात. परतीची गाडी सोमवारची काढा.

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण आहोत, विज्ञानकथा वाचतो, लिहितोही थोडं. असलं तिरकं कॉन मराठीत करायचं म्हणतोय, पुण्यात. शक्य आहे का? उद्घाटक कुणाला बोलवावं?
– उत्साही मंडळी, कोथरूड

उत्तर : उद्घाटक! तिथेच घसरलात की. उद्घाटक नको, दीपप्रज्वलन नको, शाल-श्रीफळ नको, मनोगत नको, आभारप्रदर्शन दोन मिनिटांत. एवढं वगळलंत तरी मराठी कार्यक्रमाच्या हिशोबाने तुम्ही क्रांती केली.

जमीन तयार आहे. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून आहे, तिच्या विज्ञानकथा स्पर्धेतून कित्येक जण लिहिते झाले. सत्तरच्या दशकात जयंत नारळीकरांनी त्या स्पर्धेला कथा पाठवली तीही खोट्या नावाने, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, नावाच्या वजनावर बक्षीस नको म्हणून. आणि बक्षीस मिळालं. विस्कॉनचा तो पुरस्कारसुद्धा आधी जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने होता, ते अ‍ॅलिस शेल्डन या बाईंचं टोपणनाव, पुरुष समजून लोक वर्षानुवर्षं वाचत होते. 2019 ला पुरस्काराचं नाव बदललं ती वेगळी कहाणी. यावरून एक सत्र सहज होईल, पाच-सहा छोट्या कथा निनावी वाचायच्या, त्यात तुमची एखादी, एखाद्या नावाजलेल्या लेखकाची, एखादी कॉलेजच्या पोराची, चर्चा पूर्ण झाल्यावरच नावं सांगायची. बघा काय भांडणं होतात ते.

पन्नासच्या वर माणसं घेऊ नका. दोन दिवस, एकच हॉल, एका वेळी एकच कार्यक्रम, सगळ्यांनी आधी वाचायचं एक पुस्तक दोन महिने अगोदर जाहीर करा आणि ते बाजारात मिळतंय याची खात्री करा, नाहीतर झेरॉक्सवर सगळा वेळ जाईल. वर्गणी घ्या, फुकट ठेवलंत तर निम्मे येणार नाहीत. मॉडरेटर असा शोधा जो ज्येष्ठ माणसाला पण 'थांबा आता' म्हणू शकेल, हे सगळ्यात अवघड काम आहे, उद्घाटक शोधण्यात घालवणार होतात तो वेळ यात घाला. तारीख दिवाळीच्या आधीची नको, लिहिणारे सगळे दिवाळी अंकांत अडकलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारी बघा, पण साहित्य संमेलनाच्या तारखा तपासून घ्या. मुद्दाम त्याच तारखा धरणार असाल तर मला आधी कळवा, मी कुठल्या गाडीत बसायचं ते ठरवायला बरं.