अंध भिडूसाठी काय मागावे आणि ते लिहून का घ्यावे

आपण लिहिले आहे की रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे आपल्या धाकट्या भावाची दृष्टी गेली, तरी ब्रिज या पत्त्यांच्या खेळातली त्याची पानांची मोजणी पूर्वीइतकीच पक्की आहे, आणि इथल्या एका पेअर्स (जोडीने खेळायच्या) स्पर्धेच्या आयोजकांनी फोनवर ‘या तुम्ही, आपण सांभाळून घेऊ’ असे सांगितले आहे. आपल्याला फक्त ब्रेल पानांविषयी विचारायचे आहे. पानांचे मी पुढे सांगतोच, परंतु मला खरी काळजी त्या ‘सांभाळून घेऊ’ची वाटते. मी याच आजाराने अंध झालेलो आहे, कोल्हापुरातच राहतो, आणि हेच आश्वासन मला सर्वांत महागात पडलेले आहे.

स्पर्धा कोणती आणि समिती कोणती ते मी सांगणार नाही. आम्ही मागितले होते ते एवढेच, की टेबलावरच्या प्रत्येकाने पान टाकताना त्याचे नाव उच्चारावे, डमी (डाव खेळणाऱ्याच्या भिडूची, टेबलावर उघडी मांडलेली पाने) उघडल्यावर ती वाचून दाखवावी आणि आमचे टेबल बाजूला असावे. समितीने तोंडी होकार दिला. प्रत्यक्षात टेबल दालनाच्या मधोमध मिळाले, आणि काही फेऱ्यांनंतर एका जोडीने आक्षेप घेतला की आमच्या टेबलावर पाने मोठ्याने बोलली जात असल्यामुळे शेजारच्यांना पुढचे बोर्ड (आधी वाटून ठेवलेले डाव) आधीच कळतात. हा आक्षेप चुकीचा नव्हता. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच बोर्ड सगळ्या टेबलांवर फिरतात आणि बोली (किती हात जिंकू हे सांगणे) मुकाट्याने व्हावी म्हणून तर बोलीच्या छापील पट्ट्यांचे बिडिंग बॉक्स वापरतात. उपायही सरळ होता: टेबल हलवायचे. पण ज्या सद्गृहस्थांनी होकार दिला होता ते जेवायला गेले होते, नियमांचा निवाडा करणाऱ्या डायरेक्टरच्या हाती आमच्या मागणीचा चिठोराही नव्हता, आणि समितीतल्या उरलेल्यांनी परस्पर ठरवले की आम्ही खेळत राहावे, मात्र आमचे गुण धरू नयेत.

हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्ही शेवटच्या बोर्डापर्यंत जीव ओतून खेळलो, आणि निकाल वाचला गेला तेव्हा आमचे नाव कोणत्याच क्रमांकावर आले नाही. मग व्यासपीठावरून आमच्या जिद्दीचा उल्लेख झाला, शाल-श्रीफळ झाले, टाळ्या झाल्या. पत्ते खेळायला गेलेल्या माणसाचा निकाल काढून घेऊन त्याच्या खांद्यावर शाल टाकण्याइतका सभ्य अपमान मी दुसरा पाहिलेला नाही. वरच्या कार्यालयाकडे दाद मागितली, तेव्हा त्यांनी आधी दिव्यांग प्रमाणपत्र मागितले, ते दिल्यावर टक्केवारी विचारली, त्यानंतर ‘पत्ते खेळण्यास सक्षम’ असा डॉक्टरांचा दाखला मागितला, आणि तो कोणत्या विभागातल्या डॉक्टरांनी द्यावा असे विचारल्यावर हा स्थानिक समितीचा प्रश्न असल्याचे कळवून फाइल बंद केली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे, आणि ते थोडे आग्रही वाटले तर क्षमस्व. आपल्या भावासाठी सवलत मागू नका, त्या टेबलापुरती खेळण्याची पद्धत मागा. ‘अंध खेळाडूला मदत करावी’ असे लिहिले की ती समितीची कृपा ठरते, आणि कृपा कधीही काढून घेता येते. ‘या टेबलावर चारही खेळाडू बोली आणि पान उच्चारून सांगतील’ असे लिहिले की तो चौघांवरही बंधनकारक नियम होतो आणि तो मोडला तर डायरेक्टरला बोलावता येते. ब्रिजच्या कायद्यांतील कलम 18एफ नियामक संस्थेला बोली करण्याची वेगळी पद्धत मान्य करण्याची मुभा देते, त्यामुळे बिडिंग बॉक्सऐवजी तोंडी बोली हे काही आभाळातून पडलेले मागणे नाही. बुद्धिबळाने हे काम कधीच करून ठेवले आहे. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांना अंध खेळाडूंसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे, ज्यात खेळी मोठ्याने सांगणे, खाचांचा वेगळा पट आणि मदतनिसाची नेमकी कामे लिहिलेली आहेत. किती वेळ वापरला हे मदतनिसाने सांगायचे, तेही खेळाडूने विचारले तरच, इतक्या बारकाईने ते लिहिलेले आहे. समितीला पत्र देताना त्या परिशिष्टाची प्रत जोडा. पत्ते आणि बुद्धिबळ वेगळे आहेत हे त्यांनाही कळते, पण मोठ्या खेळात हे नियमात बसवलेले आहे असे दिसले की ‘असे कुठे असते का’ हा प्रश्न विचारला जात नाही.

आता पत्रात घालायच्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. वाचणारा आवाज कोणाचा असावा? तो भिडूचा नसावा, आणि शक्यतो घरच्या माणसाचाही नसावा. ब्रिजच्या कायद्यांतील कलम 16 प्रमाणे भिडूच्या प्रश्नातून, थबकण्यातून किंवा स्वरातून मिळालेली माहिती वापरता येत नाही. आपला भाऊ बचावात असताना ‘डमीत बदाम कोणते उरले?’ असे विचारील, तेव्हा त्याला बदामात रस आहे हे समोर बसलेल्या त्याच्या भिडूला नकळत कळेल आणि प्रतिपक्षाला तक्रारीला जागा मिळेल. डोळस खेळाडू डमीकडे नुसता पाहतो, त्याला विचारावे लागत नाही. यावरचा उपाय असा, की कधीही विचारले तरी वाचणाऱ्याने एकच रंग न सांगता संपूर्ण डमी वाचावी, दर वेळी त्याच क्रमाने, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, आणि प्रत्येक रंगात वरून खाली, एकाच सुरात. यात थोडा वेळ जातो. साधारणपणे दोन बोर्डांना पंधरा मिनिटे धरतात, म्हणून वाढीव वेळ किंवा फेरीतला एक बोर्ड कमी करण्याची तरतूदही पत्रात आधीच असावी, नाहीतर संथ खेळाचा दंड आपल्याच माथी बसतो. हात उलटण्यापूर्वी पडलेली चारही पाने पुन्हा ऐकण्याचा हक्कही लिहून घ्या, कारण पाने उताणी असेपर्यंत ती सगळ्यांना दिसतच असतात.

ब्रिजच्या टेबलावरच्या चार जागांना दिशांची नावे असतात; बसण्याची जागा कायम दक्षिणेची मागावी. जोड्या फिरवण्याच्या मिचेल पद्धतीत उत्तर-दक्षिण जोडी बसून राहते आणि पूर्व-पश्चिम फिरते, त्यामुळे टेबल एकदा कोपऱ्यात लागले की ते तिथेच राहते. याचा आणखी एक फायदा असा, की चोवीस बोर्डांचे सत्र असेल तर पत्त्यांच्या सगळ्या जोडांची (दर बोर्डाला बावन्न पानांचा एक) मिळून 1248 पाने होतात आणि तेवढ्यांवर ब्रेल करून द्या म्हटले की कोणताही आयोजक हात वर करील. भाऊ नेहमी दक्षिणेलाच बसणार असेल तर त्याच्या हाती येणारी पाने 24 गुणिले 13, म्हणजे 312 एवढीच असतात. वाटप संगणकावर आधीच झालेले असेल, तर न खेळणारा एखादा स्वयंसेवक दक्षिणेचे हात ब्रेल जोडांतून लावून ठेवू शकतो आणि उरलेल्या तिघांच्या पानांना हात लावावा लागत नाही.

ब्रेल पाने विकत घेतलेलीच आणि प्लॅस्टिकचीच वापरावीत. कागदी पाने आपल्या पावसाळ्यात फुगतात आणि ठिपके बसतात. घरी किंवा समितीच्या कार्यालयात ‘आम्ही करून देतो’ असे कोणी म्हटले तर ती पाने खेळण्यापूर्वी एक-एक वाचून पाहावीत. पाटी आणि टोचणीने ब्रेल मागून, उजवीकडून डावीकडे टोचायचे असते. नवख्या डोळस माणसाने तक्त्यात दिसते तसेच टोचले की उलट्या बाजूला आरशातले अक्षर उमटते. पत्त्यांवर आकड्यांसाठी ए ते आय ही अक्षरे वापरतात, आणि आरशात डीचे एफ होते, ईचे आय होते, एचचे जे होते. म्हणजे चौकीची छक्की, पंजीची नव्वी आणि अठ्ठीचा गुलाम, तर सत्ती मात्र जशीच्या तशी, कारण तिचे चारही ठिपके समसमान असतात. बदामाचे चिन्हही एचच असल्याने तेही गुलाम होऊन बसते. असा जोड हाताळणाऱ्याला आपले बोटच दगा देते आहे असे वाटत राहते.

पानाच्या मागच्या बाजूला ठिपक्यांचे खळगे उमटतात आणि तिरप्या उजेडात ते प्रतिपक्षाला वाचता येऊ शकतात, हेही लक्षात ठेवा. यासाठी पाने हातात न धरता खाच असलेल्या लाकडी स्टँडमध्ये ठेवावीत आणि स्टँडची मागची फळी पानांइतकी उंच असावी. कोणताही सुतार तो करून देईल. अंगठ्याने कोपरा चाचपता यावा म्हणून खाच थोडी तिरपी ठेवायला सांगा.

कायद्याविषयी सावधपणे लिहितो, कारण मी वकील नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये वाजवी सोयींची संकल्पना आहे आणि कलम 30 खेळांविषयी आहे, पण ती जबाबदारी मुख्यतः शासन आणि क्रीडा संस्थांवर टाकलेली आहे. एखाद्या खासगी क्लबाला तो किती लागू होतो यावर वाद घातला जाईल. तरीही पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत, धमकीचा सूर न लावता करावा. तक्रार करण्याची वेळ आलीच तर ती पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाते, आणि तिथे फोनवरचे आश्वासन पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिल्या बोर्डाआधी टेबलावर पानांची नावे ठरवून घ्यावीत. कोल्हापुरात अर्धे खेळाडू इंग्रजीत आणि अर्धे मराठीत पाने बोलतात, आणि गलक्यात ‘एट’ व ‘एस’ यांत गफलत होऊन डाव हातचा गेलेला मी ऐकलेला आहे. अठ्ठी आणि एक्का यांत तसे होत नाही. बुद्धिबळातही बी, सी, डी सारखे ऐकू येतात म्हणून ॲना, बेला, सीझर अशी नावे वापरतात.

प्रवेश शुल्क मात्र आत्ता भरू नका. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न स्वतंत्र ओळीत विचारा: ‘या पद्धतीने खेळणाऱ्या जोडीचे गुण इतर सर्व जोड्यांप्रमाणेच निकालात धरले जातील का?’ त्याला सही-शिक्क्यासह ‘होय’ असे उत्तर आले, आणि त्याची एक प्रत डायरेक्टरच्या हाती पडली, की मग पैसे भरावेत.