दोन फुटी रीफ टँकसाठी किती वॉटचा एलईडी घ्यावा? बजेट 15 हजार, मुंबईत राहतो

वॉट विसरा. दिवा वीज किती खातो ते वॉट सांगतो, कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, अंगावर काय पडतं ते नाही. त्यासाठी पार व्हॅल्यू बघायची, म्हणजे कोरलमधल्या शैवालाला अन्न बनवायला वापरता येईल असा किती प्रकाश त्या जागी पोचतो त्याचा आकडा. नेमक्या याच गोष्टीवरून माझा आणि दाजींचा 2019 पासून वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

परळच्या घरी माझा दोन फुटी रीफ टँक, म्हणजे कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, 18 इंच खोल. पाच महिने पाणी मुरवलं आणि मे महिन्यात एक टोडस्टूल (अळंबीच्या टोपीसारखा दिसणारा सॉफ्ट, म्हणजे मऊ अंगाचा कोरल) आणि झोआचे (छोट्या फुलांच्या झुपक्यासारखा दिसणारा जीव) दोन तुकडे आणले. दाजी मुलुंडला पंधरा वर्षं प्लांटेड टँक, म्हणजे गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा टँक, ठेवतात. त्यात त्यांच्या हाताला यश आहे, हे मी आजही मानतो. त्यांनी स्वतः येऊन 165 वॉटचा एलईडी लटकवला, पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर, निळा-पांढरा दोन्ही नॉब शंभरावर. "लाईट भरपूर मिळाला की वाढ होणारच." मी नको म्हणत होतो, पण मोठ्या माणसाशी किती हुज्जत घालणार?

तिसऱ्या दिवशी टोडस्टूलने सगळे पॉलिप, म्हणजे अंगावरची फुलासारखी बारीक तोंडं, आत ओढले. कात टाकत असेल म्हणून मी थांबलो. पण कात टाकताना अंगावर मेणासारखी साय धरते, इथे तसलं काही नव्हतं. सातव्या दिवशी सकाळी टोपीच्या कडेतून तपकिरी, शेंबडासारखे धागे सुटताना दिसले. संध्याकाळपर्यंत ती कड खवलेल्या खोबऱ्यासारखी पांढरी पडली. त्या धाग्यांतून बाहेर पडत होतं ते कोरलच्या पेशींत राहणारं शैवाल, झूझँथेली. कोरलचं बरंचसं अन्न तेच बनवतं. प्रकाश आणि उष्णता दोन्ही एकदम वाढलं की कोरल त्यालाच बाहेर टाकतो आणि उपाशी राहतो. दुपारी पाणी 31 अंशांवर जात होतं.

दुकानदार म्हणाला पाणी खराब. दाजी म्हणाले दिवा स्वस्तातला, म्हणून झालं. मी एका ओळखीच्याकडून पार मीटर उसना आणला. टोपीवर 410 आला! सॉफ्ट कोरलला 80 ते 150 पुष्कळ होतो. दिवा दीड फूट वर ओढला, निळा 35 टक्के, पांढरा 10 टक्के, बारा तासांचे आठ तास केले आणि दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवत गेलो. झोआ गेले ते गेलेच. टोडस्टूलने दीड महिन्याने पहिले पॉलिप बाहेर काढले, त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचलो.

तोच दिवा आजही त्याच टँकवर जळतोय. दाजी, दिवा खराब नव्हता. उंची चुकली आणि घाई झाली.

तर 15 हजारांत ब्रँडच्या मागे लागू नका. निळा आणि पांढरा चॅनेल वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का, आणि दिवा दोरीने वर-खाली होतो का, एवढं बघा. जोर 420 ते 480 नॅनोमीटरच्या निळ्यावर हवा, पांढरा वाढवला की आधी काचेवर शेवाळ येतं. मेटल हॅलाइड, म्हणजे खूप तापणारा जुन्या पद्धतीचा दिवा, मुंबईच्या उकाड्यात घेऊच नका. टी-5 या बारीक ट्यूबलाइटचा प्रकाश छान सारखा पसरतो, पण दरवर्षी ट्यूब बदलायचा खर्च धरा. दिव्यातून वाचतील ते पैसे पाणी थंड ठेवण्यात घाला, 26-27 च्या वर जाऊ देऊ नका. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात खरे, पण पावसाळ्याच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तेव्हा शेवटी चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्रच, लागतो.

हे सगळं सॉफ्ट कोरलपुरतं. एसपीएसला, म्हणजे बारीक पॉलिपच्या टणक कोरलला, 250 ते 350 पार लागतो, ते या बजेटमध्ये धरू नका. शिवाय टणक प्रवाळं आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा कुणी आपल्या किनाऱ्यावरचा तुकडा देऊ केला तर हात लावू नका. हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळंसुद्धा त्यातच येतात. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये ती परवानगी काढूनच हलवावी लागली.

आणि माझे आकडे माझ्या 18 इंची टँकचे आहेत. तुमच्या टँकची खोली किती आणि कोरल कोणते ठेवणार, ते लिहा.